दीड टनाचा हट्ट : नवी मुंबईच्या घरात एसी निवडताना आणि बसवताना

नवी मुंबईत एसी घ्यायला गेलं की विक्रेता एकच प्रश्न विचारतो : खोली केवढी? दहा बाय बारा म्हटलं की उत्तर तयार असतं, ‘दीड टन घ्या, टेन्शनच नको.’ खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकी कोणत्या दिशेला आहे, वर गच्ची आहे की दुसऱ्याचा फ्लॅट, एसी रात्री झोपताना लागणार की दुपारी घरून काम करताना, यातलं काहीच विचारलं जात नाही. आपणही ‘थोडा मोठा असलेला बरा’ म्हणून मान डोलावतो. पण खाडीकाठच्या या दमट शहरात गरजेपेक्षा मोठा एसी बहुतेकदा वाईटच चालतो. विकत घेताना जे वाचवायला हवं होतं ते तर जातंच, वर खोली गार पण ओलसर राहते.

टनाचा हिशेब

या टनाचा मशीनच्या वजनाशी काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात थंडावा बर्फावर मोजत. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ तेव्हा जहाजाने मुंबईच्या बंदरातही येत असे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याचा वेग म्हणजे एक टन. वॉटमध्ये सांगायचं तर साधारण ३,५१७.

त्या हिशेबाने दीड टन म्हणजे ५,२७५ वॉट व्हायला हवेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या, म्हणजे बीईईच्या ताऱ्यांच्या लेबलवर मात्र ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनची क्षमता कधी ४,७०० च्या आसपास, कधी ५,००० च्या वर दिसते. जाहिरातीतला टन बाजूला ठेवून लेबलवरचे वॉट वाचावेत. तिथे पूर्ण भाराची आणि अर्ध्या भाराची अशा दोन क्षमता छापलेल्या असतात, शिवाय आयसीर नावाचा आकडा असतो. वर्षाला १,६०० तास एसी चालला असं धरून, एका युनिट विजेत किती थंडावा मिळतो हे तो सांगतो. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातल्या पाच ताऱ्यांपेक्षा नव्या लेबलवरचे चार तारे सरस ठरू शकतात. तुलना करायची तर आयसीरची करावी.

नागपूरचा कूलर इथे का चालत नाही

मे महिन्यात नागपुरात पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता वीस टक्क्यांवर असते, तेव्हा वाळ्याच्या पडद्यातून आलेली कूलरची हवा खोली सुखद करते. कोरडी हवा पाणी पटकन पिते आणि पिता पिता गार होते. त्याच वेळी नवी मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरा. पारा दहा अंशांनी कमी, तरी हवेत पाण्याची वाफ जवळजवळ दुप्पट. इथे कितीही पाणी उडवलं तरी कूलरची हवा २७-२८ अंशांखाली जात नाही आणि ती येते ती चिंब होऊन. राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे जे पाच हवामान विभाग पाडले आहेत, त्यांत आपला पट्टा ‘उष्ण आणि दमट’ विभागात मोडतो.

म्हणून इथल्या एसीला दोन कामं असतात : हवेचं तापमान उतरवणं आणि हवेतलं पाणी काढणं. दुसरं काम दुय्यम समजू नये. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं, ते मुळात दमटपणा आवरण्यासाठीच. आर्द्रतेने कागद फुगे, आकसे आणि रंगावर रंग नेमका बसत नसे.

आणखी एक बाब विक्रेत्यालाही सहसा ठाऊक नसते. प्रयोगशाळेत एसीची क्षमता मोजताना बाहेर ३५ अंश असतात आणि खोलीतली हवा २७ अंशांची, पण जेमतेम ४७ टक्के आर्द्रतेची असते. जून-जुलैमध्ये आपल्या बंद खोलीत एवढी कोरडी हवा सापडणार नाही. तेव्हा पाणी काढण्यातच मशीनचा मोठा हिस्सा खर्च होतो आणि तसा तो व्हायलाच हवा.

एकाच मापाच्या दोन खोल्या

आता दोन खोल्या घेऊ. दोन्ही दहा बाय बारा, दोघा माणसांच्या. पहिली नेरूळमधल्या एखाद्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरची, खिडकी पूर्वेला, वर छज्जा. दुसरी खारघरमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरची, खिडकी पश्चिमेला, छज्जा नाही, काच मोठी, वर उघडी गच्ची.

पहिल्या खोलीत दोन माणसांच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता साधारण २३० वॉट. दिवा, पंखा, टीव्ही, लॅपटॉप यांचे १५०; विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण शेवटी खोली तापवतंच. भिंतींमधून ३५०, सावलीतल्या खिडकीतून ३००. दाराखिडक्यांच्या फटींमधून शिरणाऱ्या बाहेरच्या हवेचे १८०, आणि त्यातला मोठा वाटा आर्द्रतेचा. बेरीज बाराशे वॉटच्या आसपास, म्हणजे अर्धा टनसुद्धा नाही.

दुसऱ्या खोलीत माणसं, उपकरणं आणि फटी यांचे आकडे तेच. बाहेरची भिंत दुपारभर तापते, म्हणून भिंतींचे ६०० धरा. पश्चिमेच्या उघड्या काचेतून दुपारी चारच्या सुमारास दर चौरस मीटरला ५०० वॉटपर्यंत ऊन आत येतं. दोन चौरस मीटरचे झाले हजार. राहिली गच्ची. नवी मुंबई १९ अंश अक्षांशावर, म्हणून मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य थेट डोक्यावर येतो. दुपारभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता संध्याकाळी खाली सोडू लागतो; एवढ्या खोलीसाठी तेही हजारेक वॉट. बेरीज तीन हजारांच्या पुढे, जवळपास नऊ दशांश टन. काचेचा जोर दुपारी आणि स्लॅबचा जोर संध्याकाळनंतर, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण चढत नाहीत, हाच काय तो दिलासा.

आकडे ढोबळ आहेत. विटेची जाडी, काचेचा प्रकार, पडदे यांनी वर-खाली होतील. तरी चटईक्षेत्र तेच असताना भार अडीचपट झाला. पहिल्या खोलीला पाऊण टनाच्या घरातलं, बाजारात ०.८ टन म्हणून मिळणारं मशीन पुरतं. एक टन घेतलं तर भरपूर होतं. दुसऱ्या खोलीला एक टन लागतो, आणि दिवसभर बंद असलेली तापलेली खोली संध्याकाळी पटकन गार व्हायला हवी असेल तर दीड टन घेण्यात अर्थ आहे. ‘शंभर चौरस फुटांना एक टन’ हा बाजाराचा ठोकताळा या दोन्ही खोल्यांना एकच उत्तर देतो.

हॉलची गोष्ट वेगळी. बाल्कनी किंवा फ्लॉवर बेड आत घेऊन तिथे सरकत्या काचा लावलेल्या असतात, स्वयंपाकघर उघडं असतं, पाहुणे आले तर दहा माणसं बसतात. इथे दीड टन सहज लागतो. पण गॅसच्या शेगडीसाठी टन वाढवू नये. स्वयंपाक चालू असेल तेव्हा मधलं दार किंवा पडदा लावणं हा स्वस्त उपाय आहे.

मोठा एसी काय बिघडवतो

जुन्या, एकाच वेगाच्या मशीनचं गणित सोपं होतं. मोठं मशीन दहा मिनिटांत खोली २४ अंशांवर आणून बंद पडे. तेवढ्या वेळात कॉइलवर जमलेलं पाणी ट्रेमध्ये पडायच्या आतच काँप्रेसर थांबे, पंखा चालू राही आणि ते पाणी पुन्हा हवेत जाई. थोड्या वेळाने घाम सुटला की माणूस रिमोट २० वर नेई.

‘इन्व्हर्टरमध्ये हा प्रश्न नाही, तो हवा तेवढाच चालतो’ असं आता ऐकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच इन्व्हर्टर मशीनचा वेग पूर्ण क्षमतेच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच खाली येतो. काही महागडी त्याहून खाली जातात. दीड टनाचं मशीन अगदी हळू चालवलं तरी तेराशे ते सतराशे वॉट काढत राहतं. आपल्या पहिल्या खोलीचा दिवसाचा सर्वाधिक भारच बाराशे आहे आणि रात्री तर त्याहून कमी. म्हणजे हेही मशीन चालू-बंद होत राहणार. शिवाय वेग फार उतरला की कॉइल पुरेशी थंड राहत नाही आणि तिच्यावर पाणी कमी धरतं. क्षमता कमी-जास्त करायचं जे बटण विक्रेते दाखवतात, ते या अडचणीचा काही भाग सोडवतं. पण छोटं मशीन घेऊन अडचण टाळणं स्वस्त पडतं.

ओलसर खोलीत रिमोट असा खाली नेल्याचे पुरावे पावसाळ्यात भिंतीवर दिसतात. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५-२६ अंश असताना खोली २० वर ठेवली की खिडकीच्या काचेला बाहेरून घाम येतो, शेजारच्या खोलीच्या बाजूने भिंत ओली होते, कपाटाच्या मागे बुरशी धरते. रंगारी लिकेज शोधत बसतो. २०२० पासून नव्या एसीचं मूळ तापमान २४ अंश ठरवलेलं आहे. छताचा पंखा जोडीला लावला तर २६ अंशही पुरतात, आणि बीईईच्या म्हणण्यानुसार अंशागणिक साधारण सहा टक्के वीज वाचते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, म्हणून एसीच्या महिन्यात ही बचत महागड्या टप्प्यातली असते.

टन वाढवण्याआधी ऊन अडवा

दुसऱ्या खोलीतले हजार वॉट काचेचे आणि हजार गच्चीचे होते. काचेबाहेर चिक, बांबूचा पडदा किंवा छज्जा लावला तर त्यातले निम्म्याहून जास्त कमी होतात; आतला पडदा तेवढं करू शकत नाही, कारण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या चिनी टाइलचे तुकडे बसवता येतात. त्यासाठी सोसायटीची सभा लागते आणि तिथे ‘फायदा फक्त वरच्यांचा’ असा सूर निघतो. गच्चीची दुरुस्ती निघाली असेल तेव्हा हा विषय रेटावा; पावसाच्या गळतीचं नाव घेतलं की सगळे तयार होतात.

हे ज्ञान या शहराला नवं नाही. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. तिचे सुरुवातीचे मुख्य वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं, ते उतरत्या छपरांचं, अंगणांभोवती बसवलेलं, वारा खेळता ठेवणारं. नंतरच्या टॉवरांनी काच उचलली आणि सावली सोडली. २०१८ साली आलेली ‘इको निवास संहिता’ घराच्या भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॉट सरासरीची मर्यादा सुचवते. नवा फ्लॅट घेताना बिल्डरला त्याबद्दल विचारून पाहावं. उत्तर आलं नाही तरी खिडकीवर छज्जा आहे का, हे डोळ्यांनी दिसतं.

निवडीबद्दल आणखी एक : खोली गरम करण्याचा प्रश्न आपल्याकडे येत नाही. जानेवारीतल्या चार गार रात्रींसाठी ‘हॉट अँड कोल्ड’ मशीनला जास्त पैसे देणं मला उधळपट्टी वाटते. तिथे गोधडी पुरते.

आउटडोअर कुठे टांगायचं

खोलीतली उष्णता आउटडोअर युनिट बाहेर फेकतं, म्हणून त्याच्याभोवती मोकळी हवा हवी. नव्या इमारतींमध्ये मात्र दर्शनी भाग बिघडू नये म्हणून सगळी आउटडोअर एकाच अरुंद डक्टमध्ये रचलेली असतात. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्यावरचा, आणि वरच्या मजल्यावरचं मशीन ४० अंशांच्याही वर तापलेल्या हवेत काम करतं. तेवढ्या गरम हवेत क्षमता घटते आणि वीज वाढते. तिथे माणूस पुन्हा म्हणतो, मोठा एसी घ्यायला हवा होता. पर्याय असेल तर ड्राय बाल्कनीबाहेर उत्तरेला किंवा पूर्वेला जागा द्यावी. मागे वीतभर आणि पंख्यासमोर चार-पाच फूट मोकळं असावं, समोर दाट जाळी किंवा वाळत घातलेल्या चादरी नसाव्यात.

दुसरी कसोटी त्याहून महत्त्वाची : सर्व्हिसला आलेला माणूस तिथे सुरक्षित पोचेल का? आठव्या मजल्यावर ग्रिलबाहेर एका हाताने लटकत काम करणाऱ्या पोरांना आपण ‘जरा बघून’ एवढंच म्हणतो. कमरेला सेफ्टी बेल्ट नसेल तर काम थांबवावं. स्टँड गंजरोधक असावा. खाडीच्या वाऱ्यात साधा लोखंडी स्टँड काही पावसाळ्यांत पोखरतो. आणि भिंतीला भोक पाडताना बीम-कॉलमला हात लावू देऊ नये. वाशीच्या जुन्या इमारतींमध्ये सळया आधीच गंजलेल्या असतात.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी, आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांमुळे इथे ते पुष्कळ आहेत, विंडो एसी अजूनही शहाणपणाचा आहे. त्याला उगाच कमी लेखलं जातं. नळ्या जोडायच्या नाहीत, गॅस कारखान्यातच भरलेला, घर बदललं की उचलून न्यायचा. फटी नीट बुजवल्या आणि मागे किंचित उतार दिला की झालं.

नळी, व्हॅक्यूम आणि गॅस

स्प्लिट एसी कारखान्यातून अर्धाच तयार होऊन येतो. उरलेला आपल्या घरी, तासाभरात, घाईत तयार होतो. त्या तासात तीन ठिकाणी लक्ष ठेवावं.

नळी तांब्याची आणि पूर्ण जाडीची असावी, दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं इन्सुलेशन असावं. एकाच आवरणात दोन्ही गुंडाळल्या तर एकीची उष्णता दुसरीत जाते. वळण हलकं, कुठेही चेपलेलं नाही. बहुतेक मशीनबरोबर तीनेक मीटर नळी येते. अंतर वाढलं तर पुस्तिकेत दर मीटरला किती ग्रॅम गॅस जास्त घालायचा ते दिलेलं असतं आणि तो वजनकाट्यावर मोजून घालायचा असतो. ‘प्रेशर बघून भरतो’ हे उत्तर इन्व्हर्टर मशीनला चालत नाही.

जोड झाल्यावर नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढायला हवी, पंधरा-वीस मिनिटं तरी. पंप थांबवल्यावर गेजचा काटा जागच्या जागी राहिला तर जोड घट्ट आहेत. वेळ वाचवण्यासाठी पुष्कळजण मशीनमधला थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. त्यात गॅस कमी होतो आणि ओल आतच राहते. ती तेलात मिसळून काँप्रेसरला खाते. सध्याच्या बहुतेक मशीनमधला आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे, तो घरात सोडणं योग्य नाही. फिटर बोलावताना फोनवरच विचारावं : व्हॅक्यूम पंप आणणार का? कोणाला निवडावं हे या एका प्रश्नाने बरंचसं ठरतं.

पाणी आणि वीज

पावसाळ्यात दीड टनाचं मशीन तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतं. ड्रेनच्या नळीला सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला की पाणी अडतं, शेवाळ धरतं आणि एका रात्री गादीवर टपकू लागतं. म्हणून इनडोअर शक्यतो बाहेरच्या भिंतीवर आणि पलंगाच्या बरोब्बर वर नाही असं लावावं, वर छतापासून वीतभर जागा सोडून. फॉल्स सीलिंगमधून ड्रेन न्यायचा असेल तर त्या नळीवरही इन्सुलेशन हवं, नाहीतर नळीच घामेजते. पाणी खालच्याच्या ग्रिलवर सोडलं की सोसायटीत पत्र येतं. ते एका पाइपात घेऊन न्हाणीघराच्या जाळीत किंवा बादलीत सोडावं.

विजेसाठी मीटरकडून आलेली स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी आणि खरोखर चालणारं अर्थिंग लागतं. दोन-तीन एसी आणि गीझर असतील तर बिलावरचा मंजूर भार पाहून तो वाढवून घ्यावा.

खाडीचा वास आणि काळं पडलेलं तांबं

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीजवळ आहे, म्हणून सिडकोने पावसाचं पाणी साठवायला ठिकठिकाणी धारण तलाव आणि त्यांना जोडणारे नाले केले. ओहोटीला त्यांतल्या गाळाचा, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू तांबं काळं करतो आणि हळूहळू कुरतडतो. नाल्याला किंवा खाडीला लागून घर असेल तर तांब्याच्या कॉइलवर संरक्षक थर आहे का ते खरेदीच्या वेळीच विचारावं, आणि कॉइलच्या वॉरंटीत गंजामुळे झालेली गळती धरली आहे का तेही बारीक अक्षरांत वाचावं.

वापराने गॅस कमी होत नाही; बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ असं कोणी म्हणत असेल तर भरण्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचं पाणी लावून गळती कुठे आहे ते दाखवायला सांगावं. फ्लेअरच्या जोडावर बुडबुडे आले तर तो जोड नव्याने केला की काम भागतं. कॉइलवर जागोजागी आले तर गॅसवर पैसे घालवू नयेत, कॉइल बदलावी.